‘क्लॅश रोयाल’ म्हणजे जुगार नव्हे

महोदय,

पैसे लावून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या रमी-पोकरसारख्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्याने बंदी आणली, हे योग्यच झाले. मात्र तेव्हापासून आपल्या नाशिकमधील अनेक घरांत ‘मोबाइलवर पत्ते’ एवढे शब्द कानावर पडताच मुलाच्या हातून फोन काढून घेतला जातो आणि ‘क्लॅश रोयाल’सारखे डावपेचांचे खेळही त्यात भरडले जातात. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, पैशांच्या खेळांपासून वेगळे काढून प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले आहे, ही गोष्ट पालकांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. मी निवृत्त गणित शिक्षक असून, अकरावीतील नातवाशेजारी बसून हा खेळ समजून घेतला आहे. म्हणून हे पत्र.

फिनलंडच्या ‘सुपरसेल’ कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू समोरच्याचे टॉवर (बुरूज) पाडण्यासाठी आठ पत्त्यांचा डेक, म्हणजे संच, घेऊन उतरतो, पण एका वेळी त्याच्या हातात चारच पत्ते असतात. पत्ता टाकून त्यावरचे सैनिक किंवा अस्त्रे मैदानात उतरवायला एलिक्झर, म्हणजे खेळातले इंधन, खर्च करावे लागते. ते साधारण २.८ सेकंदांना एक या गतीने भरते आणि दहाच्या पुढे साठत नाही, म्हणजे उधळपट्टी जितकी महाग पडते तितकेच हातावर हात धरून बसणेही. तीन मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ही गती दुप्पट होते. समोरच्याने पाच एलिक्झरची ‘मिनियन हॉर्ड’ सोडली आणि ती आपण तीनच्या ‘अ‍ॅरोज’ने संपवली, तर दोनची बचत झाली, अशा लहानसहान बचतीतूनच पुढचा हल्ला उभा राहतो. शिवाय एकदा टाकलेला पत्ता, त्यानंतर आणखी चार पत्ते खेळल्याशिवाय हातात परत येत नाही. त्यामुळे चांगला खेळाडू सतत मोजत असतो, की आपल्या हल्ल्याला उत्तर असलेला पत्ता या क्षणी समोरच्याच्या हातात आहे की नाही. मेंढीकोटात किती दश्श्या निघाल्या आणि हुकूम कोणाकडे उरले असतील याचा हिशेब ज्यांनी डोक्यात ठेवला आहे, त्यांना यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ट्रॉफी (जिंकल्यावर मिळणारे गुण) वाढवून वरच्या अरीनात (टप्प्यात) जाणे, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘पुश करणे’, हे जास्त वेळ खेळून साधते असा समज आहे. तो चुकीचा आहे. माझा नातू कित्येक महिने एकाच जागी अडकला होता, कारण व्हिडिओ पाहून तो रोज डेक बदलायचा आणि हरला की तडक पुढचा सामना सुरू करायचा. पुढे त्याने एकच डेक धरला आणि हरलेल्या सामन्यांचे रिप्ले पाहायला सुरुवात केली. त्यांतला एक मला चांगला आठवतो. समोरून एकटा ‘नाइट’ हा योद्धा चालून येत होता. एका एलिक्झरच्या ‘स्केलेटन्स’नी काम भागले असते, पण याने तीनची ‘कॅनन’ (तोफ) मांडली. ती मोडून पडताच, जिला राखून ठेवायला हवे होते तो ‘हॉग रायडर’ समोरून आला आणि टॉवर कोसळला. नातवाने व्हिडिओ थांबवला आणि स्वतःच म्हणाला, “आजोबा, तोफ उगाच घालवली, तिथेच मॅच गेली.” पराभवाचे कारण शेवटच्या क्षणात न शोधता तीन चाली मागे जाऊन शोधणे, ही सवय मला वर्गात वर्षानुवर्षे शिकवूनही सर्वांना लावता आली नव्हती. आता लागोपाठ दोन सामने हरला की तो आपण होऊन फोन ठेवतो, कारण रागाच्या भरात, मुले ज्याला ‘टिल्ट’ म्हणतात त्या अवस्थेत, कमावलेल्या ट्रॉफी पाहता पाहता जातात.

या खेळाची एक बाजू मात्र मला मुळीच मान्य नाही. पत्त्यांची पातळी, म्हणजे ताकद, वाढवता येते आणि पैसे मोजणाऱ्याची ती लवकर वाढते. पातळीत तफावत असेल, तर वर सांगितलेला बचतीचा हिशेब कोलमडतो आणि विचार करून खेळणारा मुलगाही मागे पडतो. म्हणून निव्वळ ट्रॉफींच्या आकड्यावरून कोणाची हुशारी ठरवू नये आणि पालकांनी आपल्या कार्डाचे तपशील मुलांच्या फोनमध्ये मुळीच ठेवू नयेत.

बैठ्या खेळाचा मान राखणे नाशिकला नवे नाही. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झालेला आणि २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात असलेला विदित गुजराथी याच शहराचा. पत्त्यांच्या डिजिटल खेळांतही भारताचे नाव झाले आहे: २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होते, तेव्हा गुजरातच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’ या तीस पत्त्यांच्या डेकच्या खेळात कांस्य मिळवले. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ई-स्पोर्ट्सना पदकाचा दर्जाही मिळाला.

तेव्हा शहरातील महाविद्यालयांना आणि बुद्धिबळाचे वर्ग चालवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की स्नेहसंमेलनात किंवा दिवाळीच्या सुट्टीत या खेळाची एखादी स्पर्धा भरवावी. प्रवेश फी आणि रोख बक्षीस नसावे, खेळातच असलेली समान पातळीची सोय वापरावी आणि प्रत्येक सामन्यानंतर दोघांनीही रिप्ले पाहून आपली निर्णायक चाल लिहून द्यावी. पालकांनाही तिथे बसू द्यावे. नोंदीचे तक्ते तयार करून देणे आणि मुलांना ते भरायला शिकवणे, हे काम मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
नाशिकरोड, नाशिक