दुसऱ्याच्या हाताची मूठ

कोल्हापूर

चि. अनिरुद्ध,
अनेक आशीर्वाद.

तिकडे जर्मनीत तू घ्यायचं म्हणतोस त्या जुन्या पिस्तुलाचे फोटो काल रात्री पोचले. साडेअकराला मी मोबाइल डोळ्यांशी धरून बसलेला बघून आई घाबरली. पिस्तुलाचे फोटो आहेत म्हटल्यावर "मग चालू दे" म्हणून झोपायला गेली. तीस वर्षांत तिचं हे एक वाक्य बदललेलं नाही.

ते तोझ-35च आहे, शंका नको. तोझ म्हणजे रशियातल्या 'तुला' नावाच्या गावचा शस्त्रांचा कारखाना. पीटर द ग्रेटनं 1712 साली सुरू केलेला. तिथले समोवारही नावाजलेले. आमच्या रेंजवर या नावावरून एक फालतू कोटी चालायची. कुणी पिस्तुलाला हात लावला की दुसरा ओरडायचा, "तुला नाही, मला!" येफिम खैदुरोव या माणसानं ते घडवलं आणि तो स्वतः नेमबाज होता. हातात धरलंस की ते कळेल. नळी हाताच्या इतकी जवळ, इतकी खाली बसवलीय की गोळी सुटताना पिस्तूल उसळत नाही, जरासं मागे सरकतं.

आता ट्रिगर. तुझ्या एअर पिस्तूलला निदान 500 ग्रॅमचा दाब लागतो, नियमच आहे. फ्री पिस्तूलला, म्हणजे 50 मीटरवर मारायच्या या प्रकाराला, तसा नियम नव्हता. यातला सेट ट्रिगर, म्हणजे आधी ताणून ठेवायचा चाप, काही ग्रॅमवर आणता येतो. पहिल्यांदा मी ते उचललं तेव्हा बोट नुसतं टेकवलं आणि गोळी गेली. कुठे गेली ते आजही माहीत नाही. कोच काही बोलले नाहीत. फक्त माझ्या पुढची गोळ्यांची डबी उचलून घेऊन गेले आणि पंधरा दिवस मी रिकामं होल्डिंग करत, नुसतं पिस्तूल नेमावर धरून, उभा राहिलो.

तू विचारलंस, या पिस्तुलाला एवढी किंमत का. एक कारण म्हणजे ज्यासाठी ते बनलं तो खेळच ऑलिम्पिकमधून गेला. पुरुषांचं 50 मीटर पिस्तूल रिओला 2016 मध्ये शेवटचं झालं. त्या अंतरावर तिथे आता रायफलच उरलीय. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून 2024 मध्ये ब्राँझ आणलं ते 50 मीटरवरूनच, पण रायफलनं. खेळ संपला की त्याची हत्यारं काचेच्या कपाटात जातात. दुसरं कारण मेलेंतिएव्ह.

उजवा हात जायबंदी झाल्यावर डाव्यानं ऑलिम्पिक सुवर्ण घेणाऱ्या हंगेरियन नेमबाजाची, कारोली ताकाचची, गोष्ट तुला दहा जणांनी फॉरवर्ड केली असेल. ती खरी आहे, मोठी आहे, पण ऐकून ऐकून गुळगुळीत झालीय. अलेक्सांद्र मेलेंतिएव्हची कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण तिच्यात अपघात नाही, रडणं नाही, नुसता आकडा आहे. रशियातल्या पेंझाचा हा मुलगा फ्रुन्झेकडून, म्हणजे किर्गिझस्तानातल्या आजच्या बिश्केककडून, खेळायचा. मॉस्को ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्ण 20 जुलै 1980 ला त्यानं घेतलं, ते तोझ-35 नं. साठ गोळ्या, 600 पैकी 581. दुसरा आला तुझ्या तिकडचाच, पूर्व जर्मनीचा हाराल्ड फोल्मर, 568 वर. फ्री पिस्तूलमध्ये पहिल्या-दुसऱ्यात दोन-तीन गुणांचा फरक असला तरी खूप. इथे तेरा!

बहिष्कारामुळे त्याला सोपं गेलं असं म्हणणारे मला भेटलेत. अमेरिका आली नव्हती हे खरं. पण 581 हा विश्वविक्रम होता, आणि समोरच्या कागदाला कोण आलं, कोण नाही हे कळत नाही. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, कटिंगच्या ग्लासाच्या तोंडाहून लहान. एक हात, टेकू नाही, दुर्बीण नाही. असं साठ वेळा करायचं आणि सगळे मिळून एकोणीस गुण सोडायचे. हा विक्रम 34 वर्षं टिकला. 2014 मध्ये स्पेनमधल्या ग्रनाडाला जागतिक स्पर्धेत कोरियाच्या जिन जाँग-ओहनं 583 मारून तो मोडला. त्याच स्पर्धेत आपला जितू राय दुसरा आला होता. पुढच्याच वर्षी मेलेंतिएव्ह गेला.

माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला स्कोअर 521. म्हणजे मेलेंतिएव्हपेक्षा गोळीमागे बरोबर एक गुण कमी. ऐकायला किती थोडा वाटतो ना?

आता तुझा खरा प्रश्न. ज्या आजोबांचं पिस्तूल त्यांचा मुलगा विकतोय ते जिल्ह्याचे चँपियन होते, आणि मूठ त्यांनी स्वतः कोरलीय, पुट्टी भरून भरून. फोटोत ती तपकिरी पुट्टी दिसते. तळहाताच्या खळग्यात बोटांचे ठसे आहेत. संग्राहक सांगतात, मुठीला हात लावू नकोस, किंमत जाईल. क्लबमधले सांगतात, कानस घे आणि आपल्या हाताला बसव. तू मला विचारतोस.

मी दोन सीझन दुसऱ्याच्या मुठीवर मारलंय. क्लबचं पिस्तूल, आधीच्या कुणा रुंद हाताच्या माणसासाठी कोरलेलं. माझ्या तळहाताखाली फट राहायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, रुमालाची घडी घातली. चौथ्या-पाचव्या सीरिजला, म्हणजे दहा-दहा गोळ्यांच्या फेरीला, घाम आला की सगळं सरकायचं, आणि शॉट चार वाजता आठला, म्हणजे घड्याळातल्या चारच्या दिशेला आठच्या वर्तुळात. पुन्हा चार वाजता आठ. डायरीत आठवड्यामागून आठवडे तेच लिहिलंय. आमच्या सेक्रेटरींना म्हटलं, मी माझ्या खर्चानं दुसरी मूठ करतो, हिचा स्क्रू तेवढा काढू द्या. नाही म्हणाले, क्लबची वस्तू आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. राग त्यांचा नाही येत रे, त्या दुसऱ्यांदा न विचारण्याचा येतो.

म्हणून सांगतो, आजोबांच्या मुठीला कानस लावू नकोस आणि तिच्यावर नेमही मारू नकोस. ती त्यांचा हात आहे, तुझ्या हाताला ती कधीच बसणार नाही. सोडवून कापडात गुंडाळून ठेव आणि आपली नवी कर. संग्राहकांची किंमतही राहील. मनगट मात्र मोकळं ठेव. मूठ हाताला कितीही वेढा घालू दे, मनगटाला आधार दिलास तर तपासणीतच बाहेर काढतील.

घ्यायची घाई नको, शस्त्र बाळगायच्या परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहू दे. इकडे आणायचं तर डोक्यातही आणू नकोस, लायसन्स आणि कस्टम्सच्या फेऱ्यात तुझी सुट्टी संपेल. घेण्याआधी नळीत उजेड टाकून बघ आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढून बघायची हौस करू नकोस. रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते; काडतूस नसलं की ती चेंबरच्या कडेवरच आपटते.

आणि एक. माळ्यावर पितळी भांड्यांच्या पोत्यामागे शिसवाचा ठोकळा आहे. त्या वेळी लाकडाच्या वखारीतून मुठीसाठीच आणला होता. आईनं दोनदा टाकायला काढला, मी दोनदा परत ठेवला. आज खाली उतरवला. कुठेही चीर नाही. शिसव जड, पण फ्री पिस्तूलला वजनाची मर्यादा नाही, चालेल. समोरच्या काकूंचा मुलगा पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. इथे सुताराकडून ढोबळ आकार करून घेईन, आतलं तू कोर. उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलनं रेघ मार, अंगठा उघडा ठेवून, आणि फोटो पाठव. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नकोस.

तुझे,
बाबा