मचाण नेमकं कुठं वाजतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग माझं माकडहाड ठसठसलं, त्याची गोष्ट पुढे येईलच. मचाणावर गालिचा अंथरलास, बुटांना फडकी बांधलीस, दोन तास पुतळ्यासारखा बसलास. आणि हरणांचा कळप ऐन टप्प्यात आला तेव्हा तू नुसती मांडी बदललीस तर फळीखालून असा काही आवाज निघाला की कळप क्षणात गायब. 'अजून जाड गालिचा टाकू का?' असं विचारतोस. नको रे बाबा. ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत आहे. पहिलं वर्ष मीही असंच घालवलं, म्हणून सांगतो.

आवाज तुझ्या पायाखाली नाही, सांध्यांत आहे. अख्खं लाकूड करकरत नाही. करकरतात ती एकमेकांना घासणारी दोन लाकडं, नाहीतर सैल झालेल्या भोकात वरखाली सरकणारा खिळा. वजन पडलं की सांधा आधी अडून राहतो, मग झटक्यात सरकतो, पुन्हा अडतो. ही अड-सरक सेकंदाला शेकडो वेळा झाली की तिचा सूर होतो. व्हायोलिनची तार गजाखाली अशीच वाजते. तुझं मचाण म्हणजे न लावलेलं व्हायोलिन आहे, आणि वाजवणारा तू.

हरणांचा कानही नीट समजून घे. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर झालेल्या चाचण्यांत दिसलं की त्यांना सर्वांत चांगलं ऐकू येतं ते 4,000 ते 8,000 हर्ट्झच्या पट्ट्यात (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका मोठा तितका सूर बारीक), आणि वर निदान 30,000 हर्ट्झपर्यंत. आपली धाव फार तर 20,000. म्हणजे जड पावलाच्या धप्पकन आवाजापेक्षा बारीक, चिरका, धातूचा आवाज त्यांना जास्त टोचत असणार. बॅगेची चेन, बकलाची टिचकी, खिळ्याची कुईं. तुझ्या गालिच्यानं धप्प दाबलं आणि कुईं तशीच राहिली.

आता आधी निदान. याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून सावकाश वजन हलवायचं: डावं ढुंगण, उजवं ढुंगण, पुढे वाकणं, मागे रेलणं. दुसऱ्यानं खाली हातात खडू घेऊन उभं राहायचं. एका सांध्यावर बोट असं ठेव की त्याचं टोक निम्मं एका लाकडावर, निम्मं दुसऱ्यावर येईल. सांधा हलत असेल तर बोटाखाली बारीक कुरतडल्यासारखं जाणवतं, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. आवाज कुठून येतोय ते कळत नसेल तर हातभर लांबीची काठी घे, एक टोक सांध्याला टेकव, दुसरं कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं काम करते. मी असे अकरा सांधे खडूनं खुणावले. त्यातले फळ्यांचे तीनच. सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा सांधा होता एका तिरक्या आधाराच्या अगदी तळाशी, जमिनीपासून दीड हातावर, जिकडे मी कधी बघितलंही नव्हतं! आवाज खांबातून वर चढत होता आणि मला वाटत होतं की बुडाखालची फळी वाजतेय.

हे सांधे सैल का पडले? कारण मी घाई केली आणि ओलं लाकूड वापरलं. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, पण रुंदीत चांगलंच आक्रसतं. 150 मिलिमीटर रुंदीची ओली फळी वाळता वाळता 6 ते 9 मिलिमीटर कमी होऊ शकते. खिळा टिकतो तो भोवतीचे लाकडाचे तंतू त्याला आवळून धरतात म्हणून. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, दर फेरीला ती पकड थोडी सुटते आणि खिळा मिलिमीटरभर वर येतो. तू तो हातोडीनं परत ठोकतोस, पण भोक तेच, सैल झालेलं. म्हणून खिळे ठोकू नकोस, काढून टाक.

त्यांच्या जागी काय, तर जिथे वजन पेलायचं आहे त्या प्रत्येक सांध्याला आरपार बोल्ट. मी 12 मिलिमीटरचे घातले. नटाखाली आणि डोक्याखाली रुंद वॉशर हवेच, नाहीतर नट आवळताना तो लाकडातच रुततो आणि आपल्याला वाटतं की सांधा आवळला. आत नायलॉनचं कडं असलेले नट घे, ते थरथरीनं सैल होत नाहीत. लाकूड आक्रसतं ते मात्र नटाला कळत नाही, म्हणून पहिल्या वर्षात दोन-तीनदा पाना फिरवावाच लागतो. लाकूड कुजू नये म्हणून त्याला तांब्याचं औषध पाजलेलं असेल तर साधं लोखंड त्यात लवकर गंजतं. गरम जस्तात बुडवलेले नाहीतर स्टेनलेसचेच बोल्ट घाल.

आणि चौकटीला तिरके आधार दे. चौकोन कितीही आवळला तरी कलतो, त्रिकोण कलत नाही. माझे निम्मे आवाज दोन तिरके वासे वाढवल्याबरोबर गेले, रबराचा तुकडाही न लावता.

रबराचं नाव निघालंच आहे तर इथे एक चूक करू नकोस, जी मी केली. 'दोन लाकडांमध्ये रबर घातलं की घासणार नाही' म्हणून मी खांब आणि तुळईच्या सांध्यातही जाड रबर कोंबलं. झालं काय, रबर दबत राहिलं, बोल्ट सैल पडले आणि मचाण होडीसारखं डुलायला लागलं. वजन पेलणारा सांधा लाकडाला लाकूड घट्ट भिडूनच हवा. रबर फक्त फळी आणि तिच्याखालच्या वाशाच्या मध्ये. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वाशावर पसरायची आणि वरून फळी स्क्रूनं आवळायची, बास. स्क्रूसाठी आधी गिरमिटानं बारीक भोक पाड, नाहीतर फळीचं टोक तडकेल. फळ्यांमध्ये 5-6 मिलिमीटरची फट सोड. पाणी निघून जातं, आणि फुगलेल्या फळ्या एकमेकींना कडेनं घासत नाहीत. बिनफटीची फळकुटं वाजणारच.

एखादा खांब जिवंत झाडाला बांधला असशील तर अजून एक. झाड वाऱ्यानं डुलतं, तुझे लाकडी खांब डुलत नाहीत. दोन्हीकडून घट्ट बांधलंस तर प्रत्येक झुळुकीला मचाण विव्हळेल. एक बाजू पक्की ठेव, दुसरी सरकती: लाकडात लांबट खाच, त्यात बोल्ट, मध्ये चामड्याचा तुकडा. शिवाय झाड जाड होत जातं. बांधलेली तार किंवा पट्टा दरवर्षी सैल करून दे, नाहीतर सालीत रुतून बसेल.

आता निसरडेपणा, म्हणजेच माझं माकडहाड.

पहाट होती, दव पडलेलं, तोंडात टॉर्च, खांद्यावर कॅमेरा आणि मी शिडी उतरतोय. सगळं सुरळीत, खालून चौथा दांडा. त्यावर मी मोठ्या हौसेनं गालिच्याची पट्टी ठोकली होती, आवाज नको म्हणून. भिजलेला गालिचा, त्यात बसलेलं शेवाळ, आणि माझा मणभराचा देह. पाय गेला तो गेलाच. चारेक फुटांवरून बसकण मारली आणि पुढचा महिनाभर बसताना उशी लागायची. नंतर पट्टी उचकटली तर खालचं लाकूड नखानं उकरता येईल इतकं कुजलेलं. गालिचा कोरडा असेपर्यंत गुणी. एकदा भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही, लाकूडही खातो. तेव्हा तुझा गालिचा आजच काढ.

गंमत अशी की जे घसरू देत नाही ते बहुधा खरखर करतं, आणि जे गप्प असतं ते ओलं झालं की दगा देतं. यावर एकच तोड नाही. मी जागा वाटून दिल्या. शिडीचे दांडे आणि मचाणावर पहिलं पाऊल पडतं ती हातभर जागा, इथे पकड महत्त्वाची, आवाज झाला तर होऊ दे. तिथून तू पहाटेआधी एकदाच जाणार. बसल्यावर पाय टेकतात ती जागा मात्र मुकी हवी. तिथे भोकं असलेली जाड रबरी चटई, चार कोपऱ्यांवर बांधलेली, उठताना उचलून झटकता येईल अशी.

पकडीसाठी मी वाळूचा रंग देतो. फळी आधी ब्रशनं घासून शेवाळ काढायचं, पूर्ण वाळू द्यायची. एक हात अस्तराचा. वाळला की दुसरा हात जरा जाड, आणि तो ओला असतानाच धुतलेली, वाळवलेली, चाळलेली वाळू चाळणीतूनच भुरभुरायची, भाकरीवर पीठ पेरल्यासारखी. चिमटीनं टाकलीस तर ढिगुळ्या होतात. वाळल्यावर सुटी वाळू झाडून काढ आणि वरून पातळ हात दे, म्हणजे कण बुटाला लागून निघत नाहीत. रंग चकचकीत नको. आणि त्याचा वास जायला दोन-तीन आठवडे दे. हरणाचं नाक कानापेक्षा तिखट आहे. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळीही पायऱ्यांवर ठोकतात. पकड छान, पण एक तार सुटली की बुटाच्या दोरीत अडकते. माझ्याकडे ती बाद.

शिडीचे दांडे गोल नकोत, चपटे हवेत. नुसते बाहेरून ठोकायचे नाहीत. उभ्या वाशात पटाशीनं सेंटिमीटरभर खोल खाच करून दांडा तीत बसव आणि मग बोल्ट, म्हणजे तुझं वजन खाचेवर येतं, बोल्टवर नाही. दोन दांड्यांत 30 सेंटिमीटर, सगळीकडे सारखंच. अंधारात पाय सवयीनं शोधतो.

माणूस मचाणावर बसून क्वचित पडतो, पडतो तो चढता-उतरताना, नाहीतर शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. म्हणून अंगभर हार्नेस, आणि वरून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोरावर सरकगाठ (हातानं सरकते, पण वजन पडलं की दोराला घट्ट धरते), पाय जमिनीवरून उचलायच्या आधी अडकवलेली. पायाला अडकवायचा एक फासही खिशात ठेव. हार्नेसमध्ये लटकत राहिलास तर पायांत रक्त साचतं, फासात उभं राहून मांड्यांवरचा ताण काढता येतो. कॅमेरा आणि बॅग दोरीनं मागाहून वर ओढ. दोन हात, दोन पाय. यांतले तीन कायम लाकडावर. मला हे सगळं माहीत होतं. तरी त्या पहाटे टॉर्च तोंडातच होती.

किरकोळ गोष्टी तुझ्या तूच करशील: बकलांना कापडी टेप, कठड्याला ट्यूब गुंडाळणं, घडीच्या स्टुलाऐवजी ठोकळ्याचं आसन. घडीच्या स्टुलाची बिजागरी म्हणजे घरभेदी, कधी बोलेल सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी येतो. त्या 12 मिलिमीटरच्या बोल्टांच्या नटांना लागणारे 18 आणि 19 चे पाने माझ्याकडे आहेत. तू खडू आणि एक सरळ काठी काढून ठेव. वर तू बस, खाली मी उभा राहतो. शिडीचं अजून माझ्या मनात बसलेलं नाही.

तुझाच,
मित्र