बीपीची नसलेली गोळी

प्रिय बाळा,

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "दहा दिवस झाले, नुसतं मळमळतंय, उद्यापासून गोळी बंद. आणि बाबा, तुम्हाला नाही कळणार ते." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि नंतर पहाटेपर्यंत जागाच होतो. मला कळतं, म्हणूनच झोप लागली नाही.

मी रोज सकाळी जी गोळी घेतो ती कसली, असं तू सातवीत असताना विचारलं होतंस. मी बीपीची म्हणून सांगितलं आणि तू ते आजवर खरं धरून चाललास. माझं बीपी कधीच वाढलेलं नाही. ती सर्ट्रालिन आहे, ५० मिलिग्रॅम, नैराश्यावरची, तुझ्या एस्सिटालोप्रामच्याच जातीची. आणि ती माझी दुसरी गोळी. पहिली पॅरॉक्सेटिन होती, तू तिसरीत असताना सुरू झाली. हे फक्त तुझ्या आईला माहीत होतं. तुला आज सांगतोय, तेही पत्रातून, कारण समोर बसून मला जमलं नसतं.

आधी तुझ्या मळमळीचं. मलाही झाली होती, जवळजवळ दोन आठवडे. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमळून यायचं. सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन, आणि ते बहुतेक, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास, आतड्यात तयार होतं. ही औषधं त्यावरच काम करतात, त्यामुळे पहिली तक्रार पोट करतं. बहुतेकांना ती आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, माझीही ओसरली. रिकाम्या पोटी घेत असशील तर जेवणानंतर घेऊन बघ. मला त्याने फरक पडला होता. शिवाय झोप पूर्ण होऊनही दिवसभर जांभया यायच्या आणि रात्री घामाने उशीचा अभ्रा ओला व्हायचा. गंमत नाही करत, या जांभयासुद्धा गोळीच्याच असतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी स्वतःला आळशी समजत होतो.

यातली खरी वाईट गोष्ट अशी, की त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या दिवसांत माणसाला वाटतं, आधीच काय कमी होतं म्हणून हे विकत घेतलं! तू आता नेमका तिथे आहेस. मला चौथ्या आठवड्यात झोप लागायला लागली. माझ्यात फरक पडलाय हे मात्र मला आधी समजलं नाही, तुझ्या आईला दिसलं. ती म्हणाली, आज तू जेवताना स्वतःहून काहीतरी बोललास.

मग पुढचं. हे बापाने मुलाला लिहावं का, यावर मी बराच वेळ घालवला. लिहितो. त्या गोळीने माझी शारीरिक इच्छा जवळपास गेली, आणि जेव्हा असायची तेव्हाही शेवटपर्यंत पोहोचणं जमायचं नाही. तुझ्या आईला वाटलं, माझं तिच्यावरचं मन उडालं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तिलाही सांगितलं नाही. आठ महिने आम्ही दोघं एका घरात परक्यासारखे राहिलो, तेही अशा गोष्टीपायी जी या औषधांमध्ये अगदी सर्रास आढळते आणि जिच्यासाठी डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग असतात. लाज वाटली म्हणून गप्प बसलो. तुझ्या आयुष्यात कुणी असेल-नसेल, मी विचारत नाही. पण असं काही झालं तर डॉक्टरांना सांग. त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असतं.

आणि आजी. आजी गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. मी रडलो नाही. तू माझ्याकडे बघत होतास, ते मला अजून दिसतं. पुढे एकदा भांडणात तू म्हणालासही, "तुम्ही स्वतःच्या आईसाठी रडला नाहीत." बाळा, मला रडायचं होतं. दुःख आहे हे कळत होतं, पण जाड काचेपलीकडे ठेवल्यासारखं, हाताला लागत नव्हतं. आनंदाचंही तेच. तू धावण्यात पहिला आलास त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या आणि आतून काहीच हललं नाही. या गोळ्यांनी काही जणांच्या भावना अशा सपाट होतात. नैराश्यानेही होतात, म्हणून दोन्हींतला फरक ओळखणं अवघड जातं. मला वाटत राहिलं, मी माणूस म्हणूनच आटलो. तेव्हा डॉक्टरांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्याशी त्या दिवसाबद्दल बोललो असतो तर त्याहून बरं.

त्याऐवजी मी एक दिवस गोळी बंद केली. न विचारता, एकदम. बरं वाटतंय, आता कशाला, असा हिशोब. तिसऱ्या दिवशी डोळे बाजूला वळवले की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, विचित्र स्वप्नं, कारण नसताना रडू. आणि संताप. तुझी सायकल दारात आडवी होती म्हणून मी ती उचलून भिंतीवर फेकली होती, आठवतं? तू पलंगाखाली जाऊन बसलास. त्या आठवड्यात मी तसा होतो. त्याची माफी मी कधी मागितली नाही, आज मागतो.

मला वाटलं, आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, नाही, हे औषध अचानक तोडल्याचं आहे. आजार परततो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी. हे काही दिवसांत येतं आणि त्यात करंटसारख्या, आजारात कधी नसलेल्या गोष्टी असतात. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून ते तोडल्यावर जास्त त्रास होतो. त्यांनी गोळी परत सुरू केली आणि पाच महिने लावून थोडी थोडी कमी केली. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू. या खेपेला करंट जवळपास आलाच नाही.

तू सातवीत असताना आजार परतला तेव्हा सर्ट्रालिन दिली. तिची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला पोट बिघडायचं आणि झोपेत मी दात खायचो, जबडा सकाळी दुखायचा. पण भावना जागेवर राहिल्या. तुझ्या दहावीच्या निकालाला मी रडलो होतो, ते तू पाहिलंस. एकाला मानवलेली गोळी दुसऱ्याला मानवेलच असं नाही, म्हणून माझी गोळी मागून घेऊ नकोस. तुझं एस्सिटालोप्राम वेगळं, तुझं शरीर वेगळं.

एका गोष्टीची मला खरी भीती वाटते, म्हणून तीही स्पष्टच लिहितो. तू २३ वर्षांचा आहेस. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या औषधांवर मुलं आणि किशोरांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. एका जागी बसवत नाही, पाय स्वस्थ राहत नाहीत, आतून कातडी सोलून निघावी अशी तगमग होते, असं काही झालं किंवा तसा एखादा विचार नुसता डोकावला तरी पुढच्या भेटीची वाट बघू नकोस. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन, आणि मला. रात्रीचे तीन असले तरी. मी काय म्हणेन याचा विचार करू नकोस, मी काहीच म्हणणार नाही, मी निघेन.

हो, आणि डोकं दुखलं की आयबुप्रोफेन घ्यायची तुझी सवय. या गोळीबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याऐवजी काय चालेल ते डॉक्टरांना विचार.

गोळी घेच असं मी म्हणत नाही. कदाचित ही तुला मानवणार नाही, बदलावी लागेल. पण ते डॉक्टरांसमोर बसून ठरव, एकट्याने रात्री बारा वाजता नको. आज आलेल्या त्रासाची तारीख टाकून वहीत एक ओळ लिही. भेटीच्या वेळी आपल्याला काही आठवत नाही, हा माझा अनुभव.

तुझी शुक्रवारची भेट आहे म्हणालास. मी आलो तर चालेल? आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. माझीही गोळी त्या दिवशी तुझ्यासमोर घेईन.

तुझा,
बाबा