प्रबंध जपला, पण कोड कुठाय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन जमा करायचे हा नियम यूजीसीने २००९ मध्ये आणला, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने शोधगंगेचं, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराचं काम खरंच नेटाने चालवलंय, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार वेगळी आहे. आज पावसाचा अभ्यास असो, खगोल असो की अर्थशास्त्र, खरं काम कोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये होतं आणि तो कोड प्रबंधासोबत जमा करायला कुणी सांगतच नाही. पीडीएफमध्ये छान रंगीत ग्राफ दिसतो, तो काढला कसा ते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि विद्यार्थी एव्हाना बंगळुरात नोकरीला.

फार तर तळटीपेत गिटहबची, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटची लिंक असते. मी एका रिसर्च ग्रुपचा कोड सांभाळतो त्यामुळे अशा लिंका उघडून बघणं हे कामच आहे, आणि ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही' आलं तर आता काही वाटतही नाही, कुणी रिपॉझिटरी (कोडचं ऑनलाइन फोल्डर) प्रायव्हेट केलेली असते, कुणी इंटरव्ह्यूच्या आधी जुनं सगळं साफ केलेलं असतं. बरं लिंक उघडली तरी प्रबंध लिहिताना होता तोच कोड आज तिथे आहे कशावरून? एकात तर डेटाचा पत्ता म्हणून डी ड्राइव्हवरचं 'न्यू फोल्डर २' दिलेलं, आता बोला.

"गिटहब मायक्रोसॉफ्टचं आहे, ते कुठे जातंय" असं आमच्याकडचे सर लोक म्हणतात. अहो गूगल कोड ही तसलीच साइट पण गूगलचीच होती की, २०१५ मध्ये घोषणा केली आणि २०१६ च्या जानेवारीत बंद. बिटबकेट या तसल्याच साइटने २०२० मध्ये मर्क्युरियलच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या) सगळ्या रिपॉझिटरीज काढून टाकल्या, त्यातल्या अडीच लाखांच्या आसपास वाचल्या त्या फ्रान्सच्या सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जपणाऱ्या संग्रहाने आधीच कॉपी करून ठेवल्या म्हणून.

सोय आहे हो, आणि फुकट आहे. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून चालणारं झेनोडो हे संशोधनाचं ऑनलाइन भांडार २०१३ पासून सुरू आहे. गिटहबच्याच लॉगिनने आत जायचं, आपल्या रिपॉझिटरीसमोरचं बटण ऑन करायचं, मग गिटहबवर रिलीज काढलं, म्हणजे कोडची ठराविक आवृत्ती जाहीर केली, की झेनोडो त्याची प्रत स्वतःकडे ठेवतं आणि डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक देतं, पुढे गिटहबवरून कोड उडाला तरी ती प्रत तिथेच राहते. मेख एकच, बटण आधी आणि रिलीज नंतर, उलटं केलं तर काहीच होत नाही आणि पोरं बसतात वाट बघत. डीओआय दोन मिळतात, एक त्या व्हर्जनचा, दुसरा सगळ्या व्हर्जन्सचा मिळून, आणि हा दुसरा कायम ताज्या व्हर्जनकडे नेतो, म्हणून प्रबंधात पहिलाच द्यायचा. आणि लायसन्सची फाइल टाका बाबांनो, ती नसेल तर कोड दिसतो पण दुसऱ्याला तो हक्काने वापरता येत नाही.

"कोड घाणेरडा आहे, लोक हसतील" ही भीती मला कळते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं कोविडचं मॉडेल २०२० मध्ये खुलं झालं तेव्हा त्या जुन्यापुराण्या कोडला लोकांनी शिव्याच घातल्या. पण खुलं केलं म्हणूनच केंब्रिजच्या एका संशोधकाला तो स्वतः चालवून बघता आला, आणि त्या मॉडेलवरून इम्पीरियलने काढलेल्या रिपोर्टातले मुख्य आकडे जुळले. कोड दडवून ठेवला असता तर नुसते आरोपच उरले असते.

विद्यापीठं प्लॅजरिझमचा (उचलेगिरी तपासल्याचा) रिपोर्ट जोडल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, मग त्याच फॉर्मवर कोडच्या डीओआयचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? गाइडने सही करताना लिंक उघडून बघायची, पाच मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे पेशंटचा डेटा आहे त्यांनी तो अजिबात टाकू नये, नुसता कोड टाकावा, तेवढी सूट रकान्याखाली बारीक अक्षरात छापली की झालं.

आपला,
एक वाचक, पुणे