इस्तंबूलच्या बाजारात करडई

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

रात्रीचे अकरा वाजलेत, पाय जाम दुखतायत, पण हे फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायलाच बसले. आज इथल्या मसाल्याच्या बाजारात गेले होते, मिसर चारशी म्हणतात त्याला, 1660 च्या दशकातला आहे, दुकानांच्या भाड्यावर शेजारच्या मशिदीचा खर्च चालायचा. आत शिरल्या शिरल्या असा वास आला ना आई, तू उन्हाळ्यात मसाला कांडून आणतेस तेव्हाचं घरच आठवलं.

एका दुकानात लालकेशरी ढीग आणि वर पाटी, टर्किश सॅफरन. भाव एकदम कमी. आता किलोभर केशराला साधारण 1,50,000 फुलं लागतात, एका फुलात तीनच काड्या, मग ते असं ढिगानं कसं असेल? चिमूटभर हातावर घेतलं आणि बाबा, करडई! आपल्या ज्वारीच्या कडेनं लावता तीच. केशराची काडी टोकाला तुतारीसारखी पसरते, हे नुसतं पाकळ्यांचं बारीक बारीक भुसकट, आणि केशराचा वास अजिबात नाही. इथे तिला आस्पिर म्हणतात. शेजारी एक म्हातारं जोडपं तेच केशर समजून पाकिटं भरून घेत होतं, मला गप्प बसवेना, सांगितलं त्यांना. दुकानदार रागावला, रागावू दे. करडई काय वाईट आहे का, तिचं तेल खाऊन आम्ही मोठे झालो, पण मग करडई म्हणूनच विका ना.

सगळेच तसे नाहीत हां. पुढच्या दुकानातल्या आजोबांनी इराणचं केशर डबीतून काढून पाण्यात टाकून दाखवलं, पाणी हळूहळू पिवळं झालं, काडी मात्र लालच राहिली. त्यातलं ग्रॅमभर आईसाठी घेतलंय, श्रीखंडाला.

काल मोठ्या बाजारात, कापाली चारशीत गेले होते. 1455 च्या सुमारास सुरू झालेला, वर छप्पर, आत 60 च्या वर गल्ल्या. एका गल्लीचं नाव टोपीवाल्यांचं पण आता सगळी सोन्याची दुकानं. बाबा, तुम्ही इथे हवे होतात, आपल्या गोलाईच्या बाजारात जसं आधी चहा, मग घरची चौकशी आणि भाव सगळ्यात शेवटी, अगदी तसंच. एका चादरीसाठी तीन चहा झाले. दुकानाला द्युक्कान म्हणतात, हिशोबाला हेसाप, साबणाला साबुन, त्यामुळे परकं वाटतच नाही. निघताना दुकानदाराला कोलाय गेल्सिन म्हणायचं, काम सोपं जावो असा अर्थ, मला फार आवडलं ते.

जानेवारीत येतेय. करडई फुलात असेल ना तेव्हा? एक ओळ तरी पाकळ्यांसाठी राखून ठेवा, आईबरोबर मी स्वतः खुडणार आहे.

तुमची,
ताई