निकालाशेजारी मिनिटंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची चौकट वाचली. मराठी दैनिकात या खेळाला जागा मिळाली याचा आधी आनंद झाला, आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो. पहिले पाचही सामने जिंकले, म्हणजे संघ विजेतेपदाच्या वाटेवर आहे, हा त्या चौकटीचा सूर मला पटला नाही. नोव्हेंबरमधल्या पाच विजयांची किंमत काय असते, हे 2022 साली मी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिलला, जवळून पाहिलं आहे.

मी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीमध्ये राहतो. चॅपल हिल तिथून गाडीने अर्ध्या तासावर. ड्यूक या शेजारच्या, हाडवैरी विद्यापीठाशी सामना असला की तिकिटांना हात लावता येत नाही, म्हणून मी आणि माझा मुलगा नोव्हेंबरातच जातो आणि अगदी वरच्या रांगांत बसतो. डीन स्मिथ सेंटर हे तिथलं स्टेडियम एकवीस हजारांहून जास्त प्रेक्षकांचं. तिथून खेळाडूंचे चेहरे दिसत नाहीत, पण बेंच, म्हणजे राखीव खेळाडूंची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. कोचने हात केला की कोण उठतो, सरावाचा शर्ट काढून टेबलापुढे गुडघा टेकून हॉर्नची वाट कोण बघतो, आणि कोण सबंध संध्याकाळ शर्ट न काढता टाळ्याच वाजवत राहतो, हे सगळं कळतं. माझी नजर आता चेंडूपेक्षा तिकडेच जास्त जाते.

त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना संघाला हंगाम सुरू व्हायच्या आधीच देशात पहिला क्रमांक दिला गेला होता. कारणही सबळ होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा संघ अंतिम सामन्यात कॅन्ससशी मध्यंतराला 40-25 असा पुढे होता आणि 72-69 असा हरला. केलेब लव, आरजे डेव्हिस, लीकी ब्लॅक आणि अर्मान्डो बेकॉट हे सुरुवातीच्या पाचातले चौघे परत आले होते. पहिले पाच सामने जिंकलेही. पण गार्डनर-वेबसारख्या लहान कॉलेजविरुद्ध घरच्या मैदानावर 72-66, पोर्टलँडविरुद्ध 89-81. पहिल्या क्रमांकाच्या संघाने असे सामने शेवटच्या दहा मिनिटांत बेंचच्या हवाली करायला हवेत. इथे सहा आणि आठ गुणांचं अंतर राहिलं, आणि मुख्य पाचांनाच शेवटपर्यंत राबावं लागलं. विजयाच्या रकान्यात पाच भरले, आणि सातवा-आठवा खेळाडू तयार करायची संधी मात्र हातची गेली.

पोर्टलँडशी झालेला सामना ओरेगनमधल्या एका स्पर्धेतला पहिला. तिथे चार दिवसांत तीन सामने होते. आयोवा स्टेटकडून 70-65 अशी हार, आणि एक दिवसाच्या विश्रांतीनंतर अलाबामाशी तो चार ओव्हरटाइमचा (बरोबरी झाली की मिळणारी पाच-पाच मिनिटांची जादा वेळ) सामना, तिथेही 103-101 अशी हार. चाळीस मिनिटांचा खेळ साठ मिनिटं चालला. लवने 34 गुण केले, पण त्यासाठी 36 शॉट घेतले आणि त्यातले 13 बसले. त्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, त्याचे पायच उरलेले नाहीत, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतोय." दमलेल्या खेळाडूचा शॉट तोकडाच पडतो, कारण लांबून फेकताना जोर पायांतून येतो. पुढे इंडियाना आणि व्हर्जिनिया टेकनेही हरवलं. व्हर्जिनिया टेकशी बेकॉट खेळूही शकला नाही. ओळीने चार पराभव, आणि पहिल्या क्रमांकाचा संघ पहिल्या पंचविसातून बाहेर. मार्चमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या 68 संघांच्या स्पर्धेत त्याला जागा मिळाली नाही. 1985 साली ही स्पर्धा 64 संघांची झाली, तेव्हापासून हंगामाआधी पहिला ठरलेल्या कुठल्याच संघावर अशी वेळ आली नव्हती.

कोच ह्युबर्ट डेव्हिस यांच्यावर मी सगळा दोष टाकणार नाही. आदल्या वर्षी ठरावीक पाच जणांना जवळपास सगळा वेळ खेळवून ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले होते. चाहत्यांनी त्या पाचांना 'आयर्न फाइव्ह' हे नावच दिलं होतं. जे जमलं ते कोण सोडेल? पण पाचवा माणूस बदलला होता, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच झाला. आदल्या वर्षीचा पाचवा, ब्रेडी मॅनेक हा उंच खेळाडू, तीनच्या रेषेबाहेर (जिथून बसलेल्या शॉटला तीन गुण मिळतात) उभा राहायचा आणि साधारण 40 टक्के थ्री-पॉइंटर बसवायचा. त्याला मोकळं सोडायची सोय नव्हती, म्हणून प्रतिस्पर्ध्यांचा एक उंच खेळाडू कायम बाहेर ओढला जायचा आणि बास्केटखाली बेकॉटला हातपाय पसरायला जागा मिळायची. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीट नॅन्स आला. आदल्या वर्षीची त्याची टक्केवारी 45, म्हणजे कागदावर मॅनेकहून सरस. पण तो थ्री-पॉइंटर घ्यायचा फार कमी. प्रतिस्पर्धी टक्केवारीला घाबरत नाहीत, किती वेळा फेकतो त्याला घाबरतात. बेकॉटभोवती गर्दी झाली, आणि संघाची तीनच्या रेषेबाहेरची टक्केवारी हंगामाअखेर 31 च्या आसपास राहिली. हे दुखणं नोव्हेंबरातच दिसत होतं. दुसरा कुणी नेमबाज पाचात घालून बघायची वेळही तीच होती.

त्याच हंगामात कनेक्टिकटने काय केलं तेही सांगतो. हंगामाआधीच्या पहिल्या पंचविसात हा संघ नव्हता. सलग 14 सामने जिंकला, मग पुढच्या आठांतले सहा हरला. तेव्हा इथले जाणकार म्हणायला लागले की डिसेंबरातला फुगा फुटला. मी बघत होतो ते वेगळंच. सेंटरच्या, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी अदामा सानोगो सुरुवात करायचा, आणि तो बसला की सात फूट दोन इंचांचा, पहिल्याच वर्षात शिकणारा डोनोवन क्लिंगन यायचा. कॉलेजमध्ये पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो, त्यामुळे पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बहुतेक कोच त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. बाकीच्या संघांचा खेळ त्या वेळात ढासळतो. कनेक्टिकटच्या प्रतिस्पर्ध्यांना मात्र त्या वेळात ताज्या दमाच्या, आणखी उंच माणसाशी झुंजावं लागायचं. क्लिंगनची ती तयारी पराभवांच्या आठवड्यांतही थांबली नाही. मार्च-एप्रिलमध्ये या संघाने सहाच्या सहा सामने किमान 13 गुणांनी जिंकून विजेतेपद घेतलं.

आणि बेंचवर बसून राहिलेल्या मुलांचं काय होतं? 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे खेळायला न मिळालेला मुलगा वसंत ऋतूत कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत नाव नोंदवतो आणि निघून जातो. 2023 मध्ये चॅपल हिलहून सात जण गेले. त्यात पफ जॉन्सनही होता, ज्याने कॅन्ससविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात बेंचवरून येऊन 11 गुण केले होते. तो गेला तेव्हा मला फार वाईट वाटलं. सेथ ट्रिम्बल राहिला, पुढच्या हंगामात बेंचवरून येऊन प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या गार्डना (चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या खेळाडूंना) जखडू लागला, आणि त्या संघाने 29 सामने जिंकले.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. या सामन्यांचे निकाल आपण एका ओळीत देता, त्या ओळीला आणखी एक ओळ जोडावी. प्रत्येक सामन्याच्या तक्त्यात खेळाडू किती मिनिटं खेळला याचा रकाना असतो. त्यातले सहाव्यापासून नवव्यापर्यंतच्या खेळाडूंचे आकडे तेवढे द्या. दहा मिनिटं, आठ मिनिटं, दोन मिनिटं, एवढंच. पाच सामन्यांचे असे आकडे एकाखाली एक आले की वाचक स्वतःच ठरवतील.

आपला नियमित वाचक,
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना