जुन्या कॅसेटी, नवा टीव्ही आणि एचडी कॅमेऱ्याचा प्रश्न

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नव्या मोठ्या टीव्हीवर आपल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही, म्हणजे लहान डिजिटल कॅसेटी अंधुक दिसतात, म्हणून आईला त्या खराब झाल्याची भीती वाटते आणि बाबांना टीव्हीतच दोष असल्याची शंका येते. फोनवर हे बोलणे दरवेळी अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आई, डिजिटल कॅसेट खराब होते तेव्हा चित्र नुसते अंधुक होत नाही. त्यात चौकोनी तुकडे उमटतात किंवा आवाज मध्येच तुटतो. तसे काहीही तुम्ही सांगितलेले नाही, त्यामुळे त्या कॅसेटी टाकून देण्याचा विचार कृपा करून मनातून काढून टाक.

खरे कारण मापाचे आहे. आपला जुना कॅमेरा स्टँडर्ड डेफिनिशनचा, म्हणजे एसडी आहे. त्याचे प्रत्येक चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६, अशा ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. तुमच्या फुल एचडी, म्हणजे हाय डेफिनिशन टीव्हीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात, बरोबर पाचपट. पडदा भरण्यासाठी टीव्हीला शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून मधल्या जागा रंगवाव्या लागतात. हे काम आजचे टीव्ही बऱ्यापैकी करतात, परंतु कॅमेऱ्याने जो तपशील टिपलाच नाही तो कोणताही टीव्ही परत आणू शकत नाही. चित्र मऊ दिसते ते यामुळे.

त्यात आणखी एक गुंता आहे. जुना कॅमेरा पूर्ण चित्र एका वेळी टिपत नाही. तो सेकंदाला ५० वेळा, एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी, असे अर्धे अर्धे चित्र नोंदवतो. याला इंटरलेस्ड म्हणतात. काचेच्या नळीचे जुने टीव्हीही याच क्रमाने ओळी रेखाटत, त्यामुळे त्यांवर हीच कॅसेट स्वच्छ दिसत असे. सपाट पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रे त्याला जोडावी लागतात. धावत्या मुलाच्या हातापायांच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या ज्या रेघा बाबांना दिसल्या, त्या याच जोडणीतून येतात.

बाबा, तुम्ही टीव्हीला अगदी जवळ बसता, हेही ध्यानात घ्या. सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला एसडी चित्रातले ठिपके वेगळे जाणवू नयेत, यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतर लागते. फुल एचडीसाठी तीनपटीहून थोडे अधिक पुरते. आपल्या ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर आहे, म्हणजे कॅसेटी पाहताना तुम्ही तीन मीटरांहून थोडे लांब बसावे आणि एचडी कार्यक्रम पावणेदोन मीटरांवरून खुशाल पाहावेत.

चित्राचा आकारही बदलू नका. जुने चित्र ४:३ प्रमाणातले आहे आणि नवा पडदा १६:९ प्रमाणातला. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या आईला आवडत नाहीत हे मला माहीत आहे, पण त्या घालवण्यासाठी चित्र ताणले की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो, आणि झूम केले की चित्राची पाव उंची कापली जाते. आजीचा चेहरा जसा होता तसाच दिसावा, असे मला मनापासून वाटते. पट्ट्या राहू द्याव्यात.

आता नव्या कॅमेऱ्याविषयी. बेडरूममधला टीव्ही जुना असल्यामुळे एचडी कॅमेरा घेऊन उपयोग काय, असे बाबांनी विचारले होते. एचडीत केलेले चित्रीकरण जुन्या टीव्हीवर लहान करून दाखवता येते आणि तेही उत्तम दिसते. उलट दिशेने मात्र हे साधत नाही. टीव्ही पुढे केव्हाही बदलता येतो, पण एखादा समारंभ पुन्हा चित्रित करता येत नाही. म्हणून खर्च आधी कॅमेऱ्यावर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निवडताना केवळ एचडी या अक्षरांवर विसंबू नका. भिंग चांगले नसेल किंवा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, फार लहान असेल, तर संध्याकाळच्या मंद प्रकाशात एचडी चित्रातही दाणे दिसतात. शिवाय जास्त तपशिलात हाताचा कंपही जास्त जाणवतो. प्रतिमा स्थिर ठेवण्याची सोय आणि एक साधा ट्रायपॉड हवाच. ४के कॅमेऱ्यात ठिपके फुल एचडीच्या चौपट असतात, परंतु फाइली बऱ्याच मोठ्या होतात, आणि तुमच्या पडद्यावर त्याचा फायदा दिसणार नाही.

नवा कॅमेरा टीव्हीला एचडीएमआय केबलनेच जोडावा. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांची जुनी केबल एसडी चित्रच वाहून नेते, त्यामुळे तिच्यातून एचडी चित्रीकरणही अंधुकच दिसेल.

पुढच्या भेटीत मी सर्व कॅसेटी संगणकावर उतरवून घेणार आहे. कॅमेऱ्याच्या डीव्ही जोडणीतून फायरवायर केबलने, म्हणजे डिजिटल चित्र थेट संगणकात नेणाऱ्या केबलने, उतरवले की कॅसेटवर आहे तेच जसेच्या तसे मिळते. तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते. त्या फाइली मी मूळ मापातच ठेवीन, कारण मोठे करण्याची तंत्रे सुधारत जातील, पण मूळ प्रत मात्र एकच आहे. तोवर जुना कॅमेरा कोणालाही देऊ नका, कारण कॅसेट वाचू शकणारे आपल्याकडचे ते एकमेव यंत्र आहे. बाबांनी प्रत्येक कॅसेटच्या कडेची सरकती खूण ‘सेव्ह’कडे करून ठेवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही नोंदले जाणार नाही.

तुमची मुलगी